कोऱ्या तारखेचे अर्ज

४ ऑगस्ट

शाळेला सुट्टी आहे आणि घरी लसणाच्या जुड्या बांधून बांधून हाताचा वास जात नाही, म्हणून बिश्केकच्या कामाला हो म्हटलं. दोनच महिन्यांचं आहे. 'केन-साय' पक्षाला संसदेच्या निवडणुकीसाठी उमेदवारांची यादी बसवून देणारं माणूस हवं होतं. आमच्या मुख्याध्यापकांनी माझं नाव सुचवलं आणि शाळा उघडल्यानंतरची रजाही दिली. सत्तावीस वर्ग, एकोणचाळीस शिक्षक आणि एकच प्रयोगशाळा, एवढ्याचं वेळापत्रक मी दरवर्षी एकटी बसवते. ही ख्याती टोकमोकच्या बाहेर पोचली म्हणायची.

कार्यालय मेलिस बायके सांभाळतात. आमच्या दुंगान, म्हणजे मूळच्या चिनी मुसलमान, घरांत कुणी असं म्हणत नाही, पण इथे सगळे किरगिझ, त्यामुळे मोठ्या पुरुषाला बायके आणि मोठ्या बाईला एजे म्हणायचं. माणूस गोड आहे. चहा स्वतः ओतून देतात.

यादीची गंमत त्यांनीच समजावली. लोक माणसाला मत देत नाहीत, पक्षाला देतात. पक्षाला जितक्या जागा मिळतील तितकी नावं यादीच्या वरून मोजून संसदेत जातात. नावं एकशेवीस द्यायची, पण सगळ्यांचा जीव पहिल्या पंधरात अडकलेला. माणूस कसा आहे हे कुणी विचारत नाही, कितवा आहे ते विचारतात. दिवसभरात सातजण माझ्या टेबलाशी येऊन 'मी कितवा?' विचारून गेले. लग्नात पहिल्या पंगतीला बसायला मिळालं नाही की आमचे काका जसे तोंड करतात, तशी तोंडं.

९ ऑगस्ट

हे वेळापत्रकापेक्षा अवघड आहे आणि म्हणूनच मला झोप लागत नाही. प्रत्येक चार नावांत एक तरी बाई हवी. काही उमेदवार पस्तिशीच्या आतले हवेत, काही किरगिझ नसलेले हवेत. एक पुरुष एक घर वर सरकवला की खालच्या तिघांची चौकट मोडते, ती नीट करावी तर पलीकडची मोडते. मी नावांच्या चिठ्ठ्या करून जमिनीवर मांडल्या आणि गुडघ्यांवर सरकत बसले. कार्यालयातले पुरुष दारातून वाकून बघत होते.

चौथी जागा पक्षाध्यक्षांच्या मेव्हणीला दिली आहे. आठवीसाठी बाई मिळत नव्हती. मेलिस बायके म्हणाले, "मतं आणणारी हवी, पण खुर्चीत बसून बोलत राहणारी नको." मी हसले. त्यांचा विनोद असा कोरडा असतो.

१४ ऑगस्ट

मी यादीत आहे! बारावी!

झालं असं की नऊ ते बारा या चौकटीत एक बाई हवी होती, एक पस्तिशीच्या आतला हवा होता आणि एक किरगिझ नसलेला हवा होता. तीन चिठ्ठ्या आणि जागा एक. मी तासभर डोकं खाजवत बसले. मेलिस बायके चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हालिमा, तू एकतीसची ना? आणि दुंगान. आणि बाई तर आहेसच." एका दमात तिन्ही अटी भागल्या. नववी, दहावी, अकरावी जागा मग आरामात पुरुषांना मिळाली. दहावे ओरोझबेक, पिठाच्या तीन गिरण्यांचे मालक, इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना रश्श्यातल्या शेवयांचा लग्मान खाऊ घातला.

मेलिस बायकेंनी स्वतःला तेरावी जागा घेतली. तेरा आकडा कुणाला नको होता. मला खुर्चीचा सोस नाही, म्हणाले. खरंच, असा माणूस राजकारणात विरळा.

घरी सांगितलं तर इसखार लसूण तोलता तोलता म्हणाला, "म्हणजे तुला घेतलं ते भोक बुजवायला." नवरा असला म्हणून काय झालं, दोन मिनिटं तरी आनंद होऊ द्यायचा माणसाने. मी रात्री त्याच्याशी बोलले नाही.

१९ ऑगस्ट

आठवी मिळाली. बुरुलसुन एजे. नारीनकडच्या डोंगरातल्या गावच्या सुईण, एकसष्ट वर्षांच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. सदतीस वर्षं बाळंतपणं केली. मेलिस बायकेंचा हिशेब असा की त्यांच्या हातावर जन्मलेलं प्रत्येक माणूस आता मतदार आहे.

पहिल्या दिवशी पिशवीभर कुरुत, सुकवलेल्या दह्याचे खारट गोळे, घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवलं. मी एक गोळा तोंडात टाकला, दात जाता जाता राहिला. त्या माझ्या चिठ्ठ्यांशेजारी जमिनीवरच बसल्या. त्यांना संसदेत एकाच कामासाठी जायचं आहे. त्यांच्या गावातली प्रसूतीची खोली तीन वर्षांपूर्वी बंद झाली. तेव्हापासून कळा सुरू झाल्या की बाईला गाडीत घालून घाटापलीकडे न्यायचं. गेल्या फेब्रुवारीत एकीला बर्फात घाटातच मूल झालं. मूल जगलं, बाई राहिली नाही. ती बुरुलसुन एजेंच्या हातावर जन्मलेली होती. हे त्यांनी एका सुरात सांगितलं आणि विचारलं, "पोरी, आठवी म्हणजे आत की बाहेर?"

मी म्हटलं, सात टक्क्यांच्या खाली गेलो तर सगळेच बाहेर. आठ टक्के मिळाले तर तुम्ही आत.

"आणि तू?"

"मला अकरा टक्के लागतील."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. थाप कसली, धपाटा. नवजात पोराला रडवायची सवय हाताला असणार.

२२ ऑगस्ट

पक्षाचं अधिवेशन झालं, यादी मंजूर झाली. नंतर मेलिस बायकेंनी माझ्याकडून एक नमुना लिहून घेतला: 'मी, अमुक अमुक, स्वेच्छेने उमेदवार यादीतून माघार घेत आहे.' कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी काही झालं तर ऐन वेळी धावाधाव नको, म्हणून आधीच सही घेऊन ठेवायची. सगळ्याच पक्षांत ही पद्धत आहे म्हणाले. तारखेची जागा कोरी. तारखा नंतर एकदम, एका शाईने घालू. मला हे आवडलं. कागदपत्रं एकसारखी असावीत हे माझं जुनं वेड आहे. नावपत्ते मी माझ्या सुंदर अक्षरात भरले आणि सह्या गोळा केल्या. माझीही केली.

चौथ्या क्रमांकाच्या बाईंचा कागद मात्र माझ्याकडे आला नाही, आणि वरच्या पुरुषांचेही नाहीत. ते बहुधा थेट अध्यक्षांकडे देत असतील.

बुरुलसुन एजेंनी पेन हातात घेऊन कागद दोनदा वाचला. तारीख का नाही, विचारलं. मी आजारपणाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सदतीस वर्षांत मी एकाही कागदावर तारखेशिवाय सही केली नाही, जन्माच्या दाखल्यावर तर वेळसुद्धा लिहायची असते. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू लिहिलंयस ना? मग झालं." आणि सही केली.

६ सप्टेंबर

पाच दिवस बुरुलसुन एजेंबरोबर नारीनकडे प्रचारात होते. असं मी कधी पाहिलं नव्हतं. बाजारात उभ्या राहिल्या की माणसं आपापली मुलं घेऊन येतात, 'एजे, हा तुमचा'. एका सहा फुटी पोलिसाला त्या म्हणाल्या, तू पायाळू होतास, फार त्रास दिलास. तो लाजून लाल झाला. त्याची मतं मोजायची तर मागे आठ जणांचं घर आहे.

प्रत्येक सभेत एकच बोलतात. रस्ता नाही, पगार नाही, फक्त ती खोली. मेलिस बायके गाडीत म्हणाले की म्हातारी एकसुरी आहे. पण मला जाणवलं की लोक त्यांचं बोलणं संपल्यावर टाळ्या वाजवत नाहीत, त्यांना घरी चहा प्यायला नेतात.

२१ सप्टेंबर

दिवस नुसते पत्रकं वाटण्यात जातात. गंमत म्हणून मी इतर पक्षांच्या याद्या मागवून बघितल्या. सगळीकडे चार, आठ, बारा, सोळा. बाया नेमक्या चौकटीच्या शेवटच्या घरात. नियम एक तरी बाई म्हणतो, आणि 'एक तरी'चा अर्थ सगळ्यांनी 'एकच, आणि शेवटी' असा लावलाय. मीही तोच लावला होता आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. वेळापत्रकात मी चित्रकला कायम शेवटच्या तासाला टाकते, तसंच.

५ ऑक्टोबर

निकाल लागला. आठ टक्के आणि वर थोडे. नऊ जागा! बुरुलसुन एजे आत!

सकाळी फोन केला तर त्या पुतणीकडे, इथेच बिश्केकमध्ये, कणकेचे बोरसोक तळत होत्या. म्हणाल्या, गावाकडून सकाळपासून इतके फोन आले की दोन घाणे करपले. मी त्यांच्याइतकीच रडले. नारीनमधून आम्हाला तिप्पट मतं आहेत, ती सगळी त्यांची.

ओरोझबेक गिरणीवाले एका जागेने राहिले. तोंड आंबट करून बसलेत.

६ ऑक्टोबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे विचार करता येईल.

मेलिस बायकेंनी दार लावून घेतलं, चहा ओतला आणि एका पिनेत लावलेले दोन कागद फायलीतून काढले. वरचा बुरुलसुन एजेंचा माघारीचा अर्ज. तो सोडवून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, परवापर्यंत निवडणूक आयोगात द्यायचा आहे, तेवढी तारीख घाल. नावपत्ता तुझ्या अक्षरात आहे, तारीख दुसऱ्याच्या अक्षरात दिसली तर आयोगातल्या बाई शंका काढतात.

मला आधी वाटलं एजे आजारी आहेत. मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "म्हातारीने मतं आणली, तिचं काम झालं. तिथे बसून ती काय करणार, खोली खोली?"

मग त्यांनी माझा हिशेब मांडून दाखवला. पहिले नऊ आत. त्यांतले दोघे मंत्री होणार हे ठरलंय, मंत्र्याला संसदेतली खुर्ची सोडावी लागते. म्हणजे दहावा आणि अकरावा आत. आणि आठवी निघाली की बारावी आत. बारावी म्हणजे मी.

मी मनात तीनदा मोजलं. चूक नव्हती.

खालचा कागद माझाच होता, माझं अक्षर लांबूनही ओळखू येतं. तो त्यांनी परत फायलीत ठेवला. आत जाणाऱ्याचेही जुने कागद लागत असतील काहीतरी.

मी उद्या आणते म्हणून एजेंचा अर्ज पर्समध्ये घालून निघाले. खरं लिहायचं तर मिनीबसमध्ये टोकमोक येईपर्यंत मी खासदार झाले होते. निळा कोट कुठून शिवायचा तेही ठरलं होतं. एकतीस वर्षांची, टोकमोकची, दुंगान. आमच्या मोहल्ल्यातून कुणी तिथे गेलेलं नाही. मी एजेंपेक्षा जास्त शिकलेली आहे, कायदे वाचू शकते, ती खोली मीसुद्धा मागू शकेन. असं सगळं मी स्वतःला सांगितलं आणि ते पटतही होतं.

इसखारला सांगितलं. वाटलं होतं हा टोमणा मारेल. तो नुसता लसूण निवडत राहिला. मग जुडी खाली ठेवून विचारलं, "तिने सही कुणाच्या सांगण्यावरून केली?"

मला त्याचा इतका राग आला.

७ ऑक्टोबर

सकाळच्या पहिल्या मिनीबसने गेले. कार्यालयात नाही, एजेंच्या पुतणीकडे. जिना चढताना दोनदा परत फिरले.

त्या नवा झगा इस्त्री करत होत्या, शपथविधीचा. मी कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, माझा निळा कोटही सांगितला. लपवलं असतं तर मला तिथे उभंच राहता आलं नसतं. इस्त्री बाजूला ठेवून त्यांनी चष्मा लावला आणि आपलीच सही बघत बसल्या. मला वाटलं आता धपाटा बसेल. बसला असता तर बरं वाटलं असतं.

त्या म्हणाल्या, "तुझा अर्ज कुठाय?"

त्याच पिनेत होता, खालचा, म्हटलं. आत जाण्यासाठी लागत असेल.

"अगं, त्यावर काय लिहिलंय?"

माझंच वाक्य. स्वेच्छेने माघार घेत आहे.

"बारानंतर कोण आहे?"

तेरा. तेरा, ज्यांना खुर्चीचा सोस नाही. मी वर्षाला सत्तावीस वर्गांचं वेळापत्रक बसवते आणि मला एक घर पुढे मोजता आलं नाही. आठवी काढायची, बारावीही काढायची. दोन मंत्री गेले की दहा, अकरा आणि तेरा. इतकं सरळ होतं. मी तिथेच खुर्चीत बसले आणि रडू आलं, लाजेने आलं. एजेंनी मला पाणी दिलं, पण गप्प राहा असं म्हटलं नाही.

पुतणी म्हणाली, फाडून टाका. एजे म्हणाल्या, फाडला तर म्हणतील हरवला, आणि दुसरा सहीचा कागद उगवेल. शिवाय सही माझीच आहे, मी खोटं का बोलू? मग मला विचारलं, "पोरी, ही संसद कधी संपते?"

मी नियमांची पुस्तिका काढून बघितली. पाच वर्षांनी, ऑक्टोबरच्याच अखेरीस. मी तारीख वाचून दाखवली.

त्यांनी पेन मागून घेतलं आणि कोऱ्या जागेत जन्माच्या दाखल्यावर लिहावी तशी ठळक तारीख घातली. पाच वर्षांनंतरची. खाली वेळही घातली, संध्याकाळचे सहा. म्हणाल्या, "त्या दिवशी मी अगदी स्वेच्छेने जाईन."

आम्ही दोघी चालत आयोगात गेलो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. म्हणाल्या, ही तारीख अजून आलेली नाही. एजे म्हणाल्या, घाई नाही, ठेवून द्या. बाईंनी आवक शिक्का मारला. प्रतीवरसुद्धा मारून दिला.

८ ऑक्टोबर

ती प्रत मी मेलिस बायकेंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तारीख वाचली. रागावतील असं वाटलं होतं, पण हा माणूस आवाज चढवत नाही. एवढंच म्हणाले, "तुला किती जवळ आणून ठेवलं होतं, कळतंय का तुला?"

मी म्हटलं, "तेराच्या एक घर अलीकडे."

त्यांनी फाईल उघडली, माझा अर्ज काढला आणि माझ्यादेखत आजची तारीख घातली. अक्षर जुळतंय का याची फिकीर केली नाही. मी आयोगात जाऊन तक्रार करू शकले असते. पण माझा नमुना, माझी सही, आणि त्या अर्जांवर बायकांच्या सह्या मीच घेतलेल्या. मला तिथे उभं राहून मी फसले असं म्हणवेना. उरलेल्या सगळ्या बायकांना मात्र फोन केले, एकेकीला, आणि तुमचा अर्ज परत मागून घ्या म्हणून सांगितलं. दोघींनी मला बरंच सुनावलं. ते बरोबरच होतं.

घरी येताना वाईट वाटलं. खूप वाटलं. मी थोर वगैरे नाही, मला ती खुर्ची हवी होती. इसखारने जुसायची हिरवी पात घालून लग्मान केला होता. मीठ जास्त झालं होतं, तरी मी दोनदा वाढून घेतला.

२९ ऑक्टोबर

माझी शाळा पुन्हा सुरू झाली आहे. काल शिक्षकांच्या खोलीत टीव्हीवर शपथविधी बघितला. एजेंचा आवाज चिरका येत होता, पण शब्द एक चुकला नाही. शारीरिक शिक्षणाचे सर म्हणाले, ही आजी कोण? मी म्हटलं, आठवी.

चित्रकला मी दुसऱ्या तासाला टाकली. गणिताच्या बाई रुसल्यात.

२६ नोव्हेंबर

दोघे मंत्री झाले. ओरोझबेक गिरणीवाले आणि अकरावे आत गेले. माझं नाव खोडलेलं, म्हणजे आता नऊजणांतलं कुणी कमी झालं की मेलिस बायकेंचा नंबर. मध्ये फक्त तेवढंच उरलंय.

संध्याकाळी एजेंचा फोन आला. प्रसूतीच्या खोलीचा प्रस्ताव आरोग्य समितीत पहिल्यांदा वाचला गेला. गिरणीवाल्यांनी विरोधात हात वर केला. तरी दोन मतांनी पुढे सरकला, निधी कधी येईल ते कुणी सांगत नाही. मी विचारलं, मेलिस बायके भेटतात का.

"रोज," एजे म्हणाल्या. "संसदेच्या दारात उभे असतात. फार आपुलकीने माझी तब्येत विचारतात."

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगते, बाळा, तारीख अजून आली नाही."